पन्हेरीच्या जागेवरचं गोल्फ मैदान : ऑगस्टा नॅशनलची जुनी गोष्ट

पन्हेरीवाला_वरुड
सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, आमच्याकडे सध्या शेतीची लाईन रात्री साडेअकराला येते. मोटर लावली की वाफ्यांत पाणी फिरेपर्यंत बांधावर बसून राहावं लागतं, आणि जानेवारीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. म्हणून बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहून काढतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात असाच रात्री बसलो होतो. मोबाईलवर कुठलासा खेळ लागला, तो गोल्फ निघाला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण खेळाडूच्या मागे जी झाडं दिसत होती त्यांच्यावरून नजर हलेना. एका वयाची, एका अंतराने लावलेली, खाली फुलझुडपांचे ताटवे. तीन पिढ्या संत्र्याच्या कलमा विकणाऱ्या घरातला माणूस मी, मला वाटलं की हे लावणारा झाडांच्या धंद्यातलाच असणार. मग शोधायला लागलो. खरंच तसं निघालं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला ऑगस्टा नॅशनल हा जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या खाजगी गोल्फ क्लबांपैकी एक, दर एप्रिलात ‘मास्टर्स’ नावाची मोठी स्पर्धा होते ती इथेच, आणि तो उभा आहे एका जुन्या पन्हेरीवर, म्हणजे रोपवाटिकेवर. अगदी शेंदुरजना घाटला असते तशी पन्हेरी, फक्त आकाराने प्रचंड.

गोष्ट सुरू होते १८५० च्या दशकात. डेनिस रेडमंड नावाच्या बागायतदाराने ही जागा घेतली, तिला ‘फ्रूटलँड’ म्हणू लागला आणि १८५४ मध्ये तिथे काँक्रीटचं घर बांधलं. त्या काळात त्या मुलखात काँक्रीटचं घर म्हणजे नवलच. जाड भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा. आज क्लबचं मुख्य घर म्हणून जी पांढरी इमारत दाखवतात, ती हीच.

१८५७ मध्ये बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स बापलेकांनी जागा विकत घेतली. बाप लुई, मुलगा प्रॉस्पर. दोघं झाडांचे वेडे. ‘फ्रूटलँड नर्सरीज’ या नावाने त्यांनी जो धंदा उभारला त्याच्या १८६१ च्या यादीत नाशपातीच्या १३०० आणि सफरचंदाच्या ९०० जाती आहेत. मी हा आकडा तीनदा वाचला. आमच्या अख्ख्या पट्ट्यात एक नागपुरी संत्रा आणि दोन-तीन खुंट (ज्यांवर कलम बांधतात ती रोपं) यांच्यावर शेकडो घरं जगतात. या माणसाने १३०० जातींचे कलमाचे डोळे, काड्या, नावनिशाणी सांभाळली कशी असेल? जॉर्जियाला आज ‘पीचचं राज्य’ म्हणतात, त्यात प्रॉस्परचा वाटा मोठा. अझेलिया नावाचं फुलझाड अमेरिकेच्या दक्षिणेत घराघरांत पोचलं तेही बरंचसं याच्या यादीतून. १८७६ मध्ये राज्याची बागायतदार संस्था निघाली, तिच्या मुळाशीही हाच माणूस.

फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मॅग्नोलियाची ६१ झाडं आहेत. तीही यादवी युद्धाच्या आधीची, बियांपासून वाढवलेली.

१९१० मध्ये प्रॉस्पर गेला. पुढच्या काही वर्षांत धंदा बसला आणि पन्हेरी बंद पडली. झाडं तशीच वाढत राहिली. १९२५ मध्ये मायामीच्या एका हॉटेलवाल्याने जागा घेतली. तिथे पंधरा मजली हॉटेल बांधायचं आणि जुनं घर पाडायचं, असं ठरलं. पायाही घातला गेला. पण सप्टेंबर १९२६ मध्ये मायामीवर चक्रीवादळ आलं, तिथल्या त्याच्या हॉटेलचं मोठं नुकसान झालं आणि त्याचं दिवाळं निघालं. ते वादळ आलं नसतं तर मॅग्नोलियाची ती रांग आज दिसली नसती.

मग आला बॉबी जोन्स. १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धांतला खेळ थांबवला. त्याला मित्रांसोबत निवांत खेळता येईल असं स्वतःचं मैदान हवं होतं. न्यूयॉर्कचा शेअर दलाल क्लिफर्ड रॉबर्ट्स सोबतीला होता. १९३१ मध्ये त्यांनी ३६५ एकर जागा ७० हजार डॉलरला घेतली. जागा पाहताक्षणी जोन्सला वाटलं, ही जमीन इतकी वर्षं मैदानाचीच वाट पाहत होती. मला ते पटत नाही. ही जमीन कोणाची वाट पाहत नव्हती, तिच्यावर पन्नास-साठ वर्षं कोणीतरी राबलं होतं.

मात्र एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. बर्कमन्सच्याच मुलांना कामाला घेतलं. एकाने व्यवस्थापन पाहिलं, दुसऱ्याने कुठल्या भागात कुठलं झाड शोभेल ते ठरवलं. म्हणून तिथल्या अठराही होलना झाडाझुडपांची नावं आहेत. तिसरा फुलणारा पीच, पाचवा मॅग्नोलिया, आठवा पिवळी जास्मिन, दहावा कमेलिया, तेरावा अझेलिया.

वाफे भरले. मोटर बंद करून येतो. कोणाला या विषयात रस असेल तर पुढे लिहीन.

गुरुजी_धारणी
मंगळवार, सकाळी ७:१५

लिहा भाऊ, नक्की लिहा. फक्त एक विनंती. आमच्यासारख्यांसाठी होल, पार वगैरे दोन ओळींत सांगा. वर्गातल्या पोरांना वाचून दाखवायचं आहे.

पन्हेरीवाला_वरुड
मंगळवार, सकाळी ८:०२

गुरुजी, एका ठरावीक जागेवरून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि दूरवरच्या गुळगुळीत हिरवळीतल्या एका लहान भोकात तो घालायचा. हा झाला एक होल. असे अठरा. चांगल्या खेळाडूला एका होलला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, तो त्याचा पार. ज्याचे एकूण फटके सगळ्यात कमी, तो जिंकला. मधे वाळूचे खड्डे, पाणी, झाडं. अठराचा आकडा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवरून रूढ झाला. तिथे आधी फेरी बावीस होलची होती, १७६४ मध्ये ती अठराची केली.

खामगाव_जिनिंग
मंगळवार, दुपारी १:४०

भाऊ, ऑगस्टा म्हटल्याबरोबर मी ताठ बसलो. ते तं कापसाचं गाव हाय! आमच्या घरात तीन पिढ्या रुईचा व्यवहार, म्हणून हे नाव मले लहानपणापासून माहीत. अमेरिकेत समुद्रापासून आत असलेल्या कापूस बाजारांत ऑगस्टाचं नाव अगदी वर होतं. १८४५ मध्ये तिथं कालवा काढला, त्याच्या पाण्यावर पुढं सूतगिरण्या चालल्या.

आता ही जोडणी पाहा. १८६१ ते ६५ तिथं यादवी युद्ध चाललं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, ऑगस्टाकडचा कापूस इंग्लंडले जाणं थांबलं. लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. मंग इंग्रजाची नजर वऱ्हाडावर आली. आमच्या पणज्याच्या बापानं ज्या भावानं कापूस विकला तो भाव नंतर किती वर्षं दिसला नाही, असं घरात सांगत. १८६५ ला लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा सुटला अन् आपला भाव पडला. पण इंग्रजानं वऱ्हाड सोडलं नाही. १८६७ ला रेल्वे नागपूरले पोचली, १८७० ला खामगावची शाखा लॉर्ड मेयोनं स्वतः येऊन सुरू केली. म्हणजे ज्या वर्षी तुमचा बर्कमन्स १३०० नाशपात्यांची यादी छापत होता, त्याच वर्षी त्याच्या गावचा कापूस अडकला अन् आपल्या गावचा चालला.

दुसरं. त्यांच्या कापसाले बोंड पोखरणारा भुंगा लागला. मेक्सिकोतून १८९२ मध्ये शिरला, १९१५ मध्ये जॉर्जियात पोचला. त्यानं तिथले शेतकरी देशोधडीले लावले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं काय केलं ते ज्यानं पायलं त्याले हे समजावून सांगायची गरज नाही. १९३१ मध्ये ती जागा ७० हजारात मिळाली त्यामागं मंदी तं होतीच, पण आजूबाजूचा कापसाचा मुलूख आधीच खचलेला होता हेही ध्यानात घ्या. सुरुवातीचे बरेच सभासद न्यूयॉर्कचे, थंडीत ऊब शोधत दक्षिणेत येणारे. गावचा पैसा नव्हताच त्यात.

पन्हेरीवाला_वरुड
मंगळवार, दुपारी ३:१०

दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी फक्त झाडं बघत बसलो, जमिनीखालचा कापूस तुम्ही दाखवला. पैशाचं म्हणाल तर त्या क्लबलाही सुरुवातीला मंदीने धरलं होतं. १८०० सभासद करायचे असा बेत होता, १९३४ मध्ये जेमतेम ७६ झाले होते. दुसरं मैदान, सभासदांच्या बंगल्यांचे प्लॉट, सगळं कागदावर राहिलं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मैदान आखणाऱ्याचं. ॲलिस्टर मॅकेन्झी. शिक्षणाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात असताना बोअर सैनिक उंचसखल जमिनीत स्वतःला कसे लपवतात ते त्याने बारकाईने पाहिलं, आणि पुढे तीच नजर मैदानं आखायला वापरली. वाळूचा खड्डा लांबून दिसतो त्यापेक्षा वेगळ्याच जागी निघावा, उतार डोळ्याला फसवावा, असं. ऑगस्टात त्याने फक्त २२ खड्डे ठेवले. सेंट अँड्र्यूजला ११२ आहेत. त्याचं म्हणणं असं की जमिनीचा उतार चांगला असला की खड्ड्यांची गर्दी लागत नाही. साध्या खेळणाऱ्याला मजा यावी आणि कसलेल्याची परीक्षा व्हावी, दोन्ही एकाच मैदानावर. त्याचे ठरलेले पैसे क्लबने आधी कमी केले आणि तेही पूर्ण दिले नाहीत. ६ जानेवारी १९३४ ला तो वारला. पहिली मास्टर्स स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. गवत आल्यावर स्वतःचं मैदान त्याने पाहिलंच नाही.

माती_परीक्षण_मोर्शी
मंगळवार, रात्री ९:२५

काका, धागा सकाळपासून वाचतेय. माझं शिक्षण उद्यानविद्येचं, म्हणून गवताबद्दल लिहिते. त्यातच खरी गंमत आहे.

ऑगस्टाच्या मैदानात उन्हाळ्यात जे मूळ गवत असतं ते बर्म्युडा. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा. आपण नांगरून, काशा वेचून, जाळून जिच्यामागे लागतो तीच ही. तिचे वेगवेगळे वाण निवडून जगभर मैदानं केली आहेत. हरळीला ऊन लागतं. थंडी पडली की ती पिवळी पडून झोपते. मग एप्रिलमध्ये टीव्हीवर दिसतो तो हिरवा गालिचा कुठून येतो? सप्टेंबरच्या सुमाराला तिच्यावर राय गवताचं बी टाकतात. थंडीभर ते हिरवं राहतं आणि ऊन तापलं की मरतं, खालची हरळी पुन्हा उठते. म्हणून हा क्लब उन्हाळाभर चक्क बंद असतो. मे संपता संपता दार लागतं, ते ऑक्टोबरात उघडतं. इतकं श्रीमंत मैदान गवताच्या वेळापत्रकावर चालतं, ही गोष्ट मला फार आवडली.

भोकाभोवतीच्या हिरवळी आधी हरळीच्याच होत्या. १९८१ च्या स्पर्धेपासून तिथे बेंट नावाचं थंड हवेचं बारीक गवत आहे. ते जॉर्जियाच्या उष्ण दमट हवेत टिकवणं महाकठीण, मुळं कुजतात. त्यावर तिथल्याच मैदान-प्रमुखाने १९९० च्या दशकात उपाय काढला. हिरवळीखाली पाईपांचं जाळं आणि पंखे. मुळांशी साचलेली ओल ओढून घ्यायची, पाहिजे तेव्हा हवा वर सोडायची. आपल्या संत्र्याला डिंक्या होतो तो कशाने? काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाची बुरशी मुळांवर आणि बुंध्यावर चढते, खोडातून डिंक गळतो. आपण चर काढतो, खोडाला बोर्डोची पेस्ट लावतो. रोगाचं मूळ तेच, खिसा वेगळा.

आणि आज थंडी आहे म्हणून सांगते. पहिल्या स्पर्धेत तिथले पहिले नऊ होल आणि नंतरचे नऊ आजच्या उलटे होते. रेज क्रीक नावाच्या ओढ्याकाठचा खोलगट भाग सकाळी सावलीत राहतो, तिथे दंव लवकर जात नाही. खेळ सुरू व्हायला उशीर होई. म्हणून १९३४ च्या स्पर्धेनंतर क्रम फिरवला, म्हणजे त्या भागात पोचेपर्यंत ऊन आलेलं असतं. आज तोच भाग, अकरा, बारा आणि तेरा नंबरचा कोपरा, ‘आमेन कॉर्नर’ म्हणून सगळ्यात प्रसिद्ध आहे. कितीतरी स्पर्धांचा निकाल तिथे फिरला. कारण काय, तर दंव!

वर्ध्याचा_जुना_कॅडी
बुधवार, दुपारी १२:३०

मी आर्वी तालुक्यातला. कोरडवाहू चार एकर. २००४ ला नापिकी झाली तेव्हा पुण्याला गेलो, एका मोठ्या क्लबात सहा वर्षं कॅडी होतो. लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन चालायचं. त्यामुळे या धाग्यात झाडं आणि गवतावर जे चाललंय ते वाचून आनंद होतो, पण बॅग उचलणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

ऑगस्टात १९८२ पर्यंत नियम होता की स्पर्धेतल्या खेळाडूने क्लबचाच कॅडी घ्यायचा. ते सगळे कॅडी काळे. जवळच्या सँड हिल्स वस्तीतली पोरं, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. अंगात पांढरा डगला. खेळणाऱ्यांत मात्र १९७५ पर्यंत एकही काळा नव्हता. त्या वर्षी ली एल्डर हा पहिला काळा खेळाडू तिथे खेळला. पहिला काळा सभासद १९९० मध्ये झाला, तोही देशभर बोंब झाल्यावर. बायकांना सभासद व्हायला २०१२ उजाडलं.

कार्ल जॅक्सन नावाचा कॅडी होता. १९६१ मध्ये पहिल्यांदा या स्पर्धेत बॅग उचलली तेव्हा चौदा वर्षांचा. एकूण ५४ वेळा त्याने ही स्पर्धा केली. बेन क्रेनशॉ १९८४ आणि १९९५ मध्ये जिंकला, दोन्ही वेळा बाजूला जॅक्सन. हिरवळीवर चेंडू कुठे वळेल हे त्या माणसाला पायाने कळायचं. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. मी सहा वर्षं हिरवळीवर चाललोय. पहाटे दंव पुसत चाललं की उतार तळव्याला कळतो, डोळ्याला नंतर. साहेब मला विचारायचे, मी सांगायचो, चेंडू जायचा. पण नाव कधी कोणी विचारलं नाही, ‘ए कॅडी’ एवढंच. पावसाळ्यात फेऱ्या नसल्या की हातात काही नाही. एकदा पाय मुरगळला, तीन आठवडे बसून होतो. त्या क्लबातून एक रुपया आला नाही. शेवटी गावी परतलो.

१९८३ पासून खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणायची मोकळीक मिळाली. कागदावर चांगलंच दिसतं. पण सँड हिल्सच्या त्या माणसांचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम त्या दिवशी गेलं. ज्यांनी ते मैदान पायाखाली पाठ केलं होतं, त्यांना बाजूला सारून बाहेरची माणसं आली. इतिहास लिहायचा तर हेही लिहा.

पन्हेरीवाला_वरुड
बुधवार, रात्री ११:४५

भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं. मी बर्कमन्सचं नाव इतक्या आनंदाने लिहिलं, पण त्याच्या वाफ्यांत खुरपं कोणाच्या हातात होतं ते लिहिलं नाही. १८६५ पर्यंत जॉर्जियात गुलामगिरी होती. आमच्या पन्हेरीतही डोळे बांधणारे हात आमच्या घरचे नाहीत. दिवसाला हजारभर डोळे बांधणारा माणूस असतो, बोटाला चाकूचे घट्टे पडलेले असतात, आणि कलम विकली जाते ती मालकाच्या नावाने. तुमचं खरं नाव सांगावंसं वाटलं तर मला वेगळं कळवा. गोल्फचं पुढे काही लिहिलं की आधी तुम्हाला दाखवीन.

युद्धातली एक हकिगत राहिली होती, ती सांगतो. १९४३, ४४ आणि ४५ अशी तीन वर्षं स्पर्धा झाली नाही. मैदान बंद ठेवलं. गवत कापायला माणूस नाही, म्हणून रॉबर्ट्सने २०० गोऱ्हे आणून मैदानात सोडले. गवतही खाल्लं जाईल आणि मांसही विकलं जाईल, असा हिशेब. जनावरांनी गवत खाल्लंच, वर अझेलिया आणि कमेलियाही ओरबाडून खाल्ल्या, झाडांच्या साली सोलल्या. ज्याने एकदा तरी रात्री वाफ्यात शिरलेलं गुरू हाकललं असेल त्याला ते चित्र डोळ्यापुढे येईल. गोऱ्ह्यांत तोटा झाला. सोबत टर्की कोंबड्या पाळल्या होत्या, त्यांनी थोडे पैसे मिळवून दिले. पुढे मैदान सावरायला जवळच्या लष्करी छावणीतले जर्मन युद्धकैदी लावले. त्यांच्यातले काही पूल बांधणाऱ्या तुकडीतले होते, त्यांनी ओढ्यावर पूलही बांधून दिला.

मामा_तलाव_साकोली
गुरुवार, सकाळी १०:०५

तलावाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो जी. आम्ही भंडाऱ्याकडचे, आमचं सगळं माजी मालगुजारी तलावांवर. तिथे एक तीन एकरांचा तलाव आहे, आयझेनहॉवरच्या नावाचा. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष. तो १९४८ मध्ये सभासद झाला. मैदानाच्या मागच्या रानातून फिरून आला आणि म्हणाला की एका ठिकाणी बांध घातला तर चांगला तलाव होईल. बांध त्याने दाखवलेल्या जागीच घातला. पुढे १९५८ मध्ये त्या पाण्याभोवती नऊ होलचं लहान मैदान केलं. १९६० पासून मुख्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिथे गमतीची स्पर्धा होते, खेळाडू बॅगा उचलायला लहान मुलांना सोबत नेतात.

जागा बघून बांध कुठे घालावा हे सांगणारी माणसं आमच्याकडे कोहळी समाजात होती. तलाव बांधणारे म्हणूनच त्यांची ओळख. हे वाचून त्यांची आठवण आली.

अचलपूर_ओलित
गुरुवार, दुपारी ४:५०

सगळे फार गोड लिहून राहिले. मी थोडं कडू लिहितो, राग मानू नका. वरुड-मोर्शीत पाण्याची पातळी कुठे गेली? हजार-हजार फूट बोअर मारले, हजारो संत्रा झाडं वाळून तोडली. पाण्याचा उपसा जास्त म्हणून सरकारने तो भाग कधीचा लाल रेघेत टाकला आहे. अशा ठिकाणी बसून पाणी पिणाऱ्या मैदानाचं कौतुक काऊन करायचं? उद्या कोणी गुंतवणूकदार येऊन म्हणेल, चला, सातपुड्याच्या पायथ्याशी गोल्फ करू. मग तुम्ही काय म्हणाल?

पन्हेरीवाला_वरुड
गुरुवार, रात्री १०:३०

नाही म्हणेन. पहिला उभा राहून नाही म्हणेन. आमच्या विहिरीत मार्चनंतर जे पाणी असतं ते मी बादलीने मोजलेलं आहे.

पण मी कौतुक करतोय ते मैदानाचं नाही, एवढं समजून घ्या. क्लबच्या इतिहासात सगळे जोन्सचं, राष्ट्राध्यक्षांचं, विजेत्याला मिळणाऱ्या हिरव्या कोटाचं सांगतात. मैदान तर सारखं बदलत आलंय. १९३७ मध्ये दहाव्याची हिरवळ उचलून वर नेली, १९४७ मध्ये सोळावा होल पुरता बदलून तिथे तळं केलं, खड्डे २२ चे ४४ झाले, तेरावा लांबवायला शेजारच्या क्लबची जमीन घेऊन २०२३ मध्ये तो ५४५ यार्डांचा केला. मॅकेन्झीने आखलेलं आज फार थोडं उरलंय. नव्वद वर्षांत जे हललं नाही ते बर्कमन्सचं. घर तेच, मॅग्नोलिया त्याच. धंदा बुडून शंभर वर्षं झाली तरी माल जागेवर उभा आहे. आमच्या धंद्यात मंदी आली की वाफेच्या वाफे न विकलेल्या कलमा उपटून फेकाव्या लागतात. २०-२५ वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी एका वर्षी अशाच बांधावर टाकल्या होत्या. त्यातल्या काही जगल्या. म्हणून मला ही गोष्ट लागली.

अचलपूर_ओलित
गुरुवार, रात्री ११:१०

हे आधी लिहायला पाहिजे होतं भाऊ. आता समजलं. त्या बांधावरच्या झाडांचं काय झालं मग?

पन्हेरीवाला_वरुड
शुक्रवार, सकाळी ६:४०

एकच उरलं आहे. त्याच्यावर येतो, आधी तिथल्या एका झाडाचं सांगू द्या.

सतराव्या होलवर एक उंच पाइन होता. आयझेनहॉवरचा चेंडू सारखा त्यालाच लागायचा. १९५६ मध्ये क्लबच्या सभेत त्याने सुचवलं, हे झाड तोडा. रॉबर्ट्स अध्यक्षस्थानी होता, त्याने तिथल्या तिथे सभाच संपवली. राष्ट्राध्यक्षाचं ऐकलं नाही, झाड राहिलं. पुढे लोक त्याला आयझेनहॉवरचंच झाड म्हणू लागले. फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्फाच्या वादळात त्याच्या फांद्या मोडल्या, वाचवण्यासारखं राहिलं नाही, काढावं लागलं. पण त्याच्यापासून दोन कलमं आणि एक रोप तयार करून ठेवलं गेलं. हे वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळ आलं, ऑगस्टा गावाला फार मोठा फटका बसला, मैदानातलीही बरीच झाडं पडली. पुढच्या एप्रिलात टीव्हीवर कितीतरी ठिकाणी आकाश मोकळं दिसत होतं.

आमच्या बांधावरचं ते झाड वडिलांनी फेकलेल्या कलमांपैकी. पाणी कोणी दिलं नाही, खत नाही. फळ पातळ सालीचं, गोड, बिया कमी. तीन उन्हाळे आजूबाजूची बाग वाळली, हे वाळलं नाही. यंदा मात्र बुंध्याशी डिंक दिसतोय.

माती_परीक्षण_मोर्शी
शुक्रवार, सकाळी ९:१५

काका, डिंक खरवडून लगेच पेस्ट लावा, मेटॅलॅक्सिल या बुरशीनाशकाची चालेल. आणि डोळे घ्यायचे असतील तर याच महिन्यात घ्या, साल सुटते आहे तोवर. पण आधी पानं तपासून घ्या. इतक्या जुन्या झाडात ग्रीनिंग किंवा ट्रिस्टेझासारखा डोळ्यातून पसरणारा रोग असला तर तो प्रत्येक कलमेत जाईल. नागपूरला लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत नमुना द्या. तुमच्याकडे खुंट आहेत का तयार?

पन्हेरीवाला_वरुड
शुक्रवार, सकाळी ९:४०

जंबेरी लिंबाचे आहेत, चाळीसेक, पेन्सिलीएवढ्या जाडीचे. पानं सोमवारी घेऊन जातो.

वर्ध्याचा_जुना_कॅडी
शुक्रवार, दुपारी २:००

तपासणी चांगली आली तर माझ्यासाठी दोन ठेवा. पैसे देऊन नेईन. नाव तुम्हाला वेगळं कळवलं आहे.